पारेषण विस्ताराचा लाभ-खर्च आढावा: कोणती पायरी कशानंतर आणि आकडे कुठे घसरतात

नवी पारेषण वाहिनी उभारावी की नाही, हे ठरवण्यासाठी नियामक आयोगापुढे येणारे अहवाल बहुधा जाडजूड असतात, त्यांतले तक्ते नीटनेटके असतात आणि बेरजाही जुळतात. तरीही त्यांतले बरेच सुनावणीत टिकत नाहीत. चूक गणितात क्वचितच असते, ती क्रमात असते. वाहिनी आधी ठरते, तिचे लाभ नंतर शोधले जातात, आणि ‘ही वाहिनी झालीच नाही तर नेमके काय होईल’ या प्रश्नाचे उत्तर अगदी शेवटी, एखाद्या परिशिष्टात दोन परिच्छेदांत उरकले जाते. वास्तविक पुढचा प्रत्येक आकडा त्याच उत्तरावर उभा असतो. हा लेख याचिका तयार करणाऱ्या नियोजकासाठी, ती तपासणाऱ्या आयोगाच्या अधिकाऱ्यासाठी आणि तिच्यावर हरकत नोंदवणाऱ्या ग्राहक प्रतिनिधीसाठी आहे. तिघांनाही याच पायऱ्यांवरून, याच क्रमाने जावे लागते.

## पूर्वतयारी: संगणकाला हात लावण्याआधी काय जमवावे

वर्षाच्या ८,७६० तासांची मागणी, प्रत्येक वीजनिर्मिती संचाचा इंधनखर्च आणि बंद राहण्याचे प्रमाण, वाहिन्यांची ऋतुनिहाय वहनक्षमता, आणि गेल्या काही वर्षांत कोणती वाहिनी किती तास बंद होती याची नोंद, एवढे हाताशी नसेल तर आढावा सुरूच करू नये. वाहिनीची कागदावरची क्षमता आणि प्रत्यक्ष वापरता येणारी क्षमता यांत मोठा फरक असतो. तारेचे तापमान, विद्युत्दाबाचे स्थैर्य आणि ‘एक घटक अचानक गेला तरी उरलेल्यांनी भार पेलला पाहिजे’ हा नियम या तिघांपैकी जो सर्वांत आधी आड येतो, तोच खरी मर्यादा ठरवतो.

मंजूर झालेल्या, बांधकाम सुरू असलेल्या आणि केवळ प्रस्तावित असलेल्या प्रकल्पांच्या तीन वेगवेगळ्या याद्या करा आणि प्रत्येक नोंदीपुढे अपेक्षित तारीख लिहा. पुढे होणारे बरेचसे वाद या याद्यांवरून होतात.

सावध: मागणी एका वर्षाची आणि वारा-ऊन दुसऱ्या वर्षाचे, अशी सरमिसळ करू नका. ज्या संध्याकाळी उकाड्याने मागणी चढते, त्याच संध्याकाळी वारा पडलेला असू शकतो. दोन वेगळ्या वर्षांचे आकडे शेजारी ठेवले की हा संबंध तुटतो, आणि प्रतिकृतीत, म्हणजे वीजव्यवस्थेच्या संगणकावरील नमुन्यात, वारा नेमका हवा तेव्हा वाहू लागतो. मागणी आणि हवामान एकाच वर्षाच्या एकाच तासाचे हवे, आणि अशी शक्य तितकी वर्षे हवीत.

## पायरी १: गरज लिहा, वाहिनीचे नाव न घेता

पहिल्या पानावर ‘अमुक ठिकाणापासून तमुक ठिकाणापर्यंत ४०० केव्हीची (किलोव्होल्टची) दुहेरी वाहिनी आवश्यक आहे’ असे वाक्य असेल तर तो आढावा तिथेच संपलेला असतो, कारण उत्तर आधी लिहून प्रश्न नंतर बेतलेला असतो. गरजेचे वाक्य असे हवे: ‘या दोन विभागांमधला प्रवाह वर्षातले इतके तास मर्यादेला टेकतो, त्यामुळे स्वस्त वीज एका बाजूला अडते आणि दुसऱ्या बाजूला महाग संच चालवावे लागतात’, किंवा ‘अमुक वर्षापासून एक रोहित्र गेल्यास या शहराचा पुरवठा नियमानुसार टिकणार नाही’.

या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसरी गरज विश्वासार्हतेच्या निकषाची आहे, ती भागवावीच लागते, त्यामुळे तिथे सर्वांत कमी खर्चाचा मार्ग कोणता एवढाच प्रश्न उरतो. पहिली आर्थिक आहे आणि तिथे ‘काहीच करू नये’ हेही मान्य होण्याजोगे उत्तर आहे. आपण कोणत्या प्रकारची गरज मांडत आहोत हे सुरुवातीलाच स्पष्ट न करणारा अहवाल पुढे सोयीप्रमाणे दोन्हींचा आधार घेतो.

## पायरी २: आधारभूत स्थिती ठरवा आणि गोठवा

आधारभूत स्थिती म्हणजे प्रस्तावित वाहिनी नसताना पुढील वीस-तीस वर्षांत वीजव्यवस्था कशी असेल याचे चित्र. आजची स्थिती जशीच्या तशी पुढे ताणणे म्हणजे आधारभूत स्थिती नव्हे. वाहिनी झाली नाही तर लोक हात बांधून बसत नाहीत: कोणी महाग बाजूला नवा संच उभारतो, कोणी बॅटरी बसवतो, कोणी जुन्या तारा बदलतो, आणि स्वस्त बाजूला येऊ घातलेले काही सौर प्रकल्प दुसरीकडे जातात. या हालचाली धरल्या नाहीत तर वाहिनी नसलेले जग अवास्तव वाईट दिसते आणि तेवढ्याच मापाने वाहिनीचा लाभ फुगतो.

उलट बाजूची चूकही होते. वाहिनी असलेल्या आणि नसलेल्या दोन्ही चित्रांत वीजनिर्मिती प्रकल्पांची तीच यादी ठेवली, तर पारेषणामुळे निर्मितीची जागाच बदलू शकते हा मोठा लाभ हिशेबातून निसटतो.

शेजारच्या इतर प्रस्तावित वाहिन्यांचे काय करायचे, हा इथला सर्वांत अवघड प्रश्न आहे. युरोपातील पारेषण चालकांची संघटना एन्त्सो-ई हिच्या मार्गदर्शक पद्धतीत यासाठी दोन रीती आहेत. एका रीतीत इतर प्रस्तावित प्रकल्प नसलेल्या जाळ्यात एकेक प्रकल्प घालून त्याचा परिणाम मोजतात. दुसऱ्या रीतीत सर्व प्रकल्प झालेले धरून त्यांतला एकेक काढून परिणाम मोजतात. परस्परांना पर्याय असलेल्या दोन वाहिन्या पहिल्या रीतीत दोन्ही उत्तम दिसतात, कारण प्रत्येक जण तीच कोंडी (मर्यादेला टेकल्याने अडलेला प्रवाह) आपण फोडल्याचे श्रेय घेतो. दुसऱ्या रीतीत त्याच दोन्ही निरुपयोगी दिसू शकतात, कारण एक काढली तरी दुसरी काम भागवते. म्हणून शेजारी स्पर्धक प्रस्ताव असेल तर दोन्ही रीतींचे आकडे द्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. दोहोंतील अंतर हीच आयोगासाठी सर्वांत उपयोगी माहिती असते.

मी वाचलेल्या एका अहवालात वाहिनीचा लाभ पहिल्याच वर्षापासून डोळ्यांत भरेल इतका होता. परिशिष्टातली मंजूर कामांची यादी आणि प्रतिकृतीतले जाळे ओळीने ताडून पाहिल्यावर कळले, की आधीच मंजूर झालेले एक रोहित्र आधारभूत स्थितीत घातलेलेच नव्हते. त्या रोहित्राने सुटणारी कोंडी नव्या वाहिनीच्या नावावर जमा झाली होती. कोणाचा हेतू वाईट नव्हता. जाळ्याची फाइल जुनी होती, एवढेच.

तपासा: आधारभूत स्थितीची फाइल तारखेसह बंद केली आहे का? लाभाचे आकडे पाहून झाल्यावर तिच्यात बदल झाला असेल तर तो बदल, त्याचे कारण आणि त्याने उत्तरात पडलेला फरक हे तिन्ही अहवालात असले पाहिजेत.

## पायरी ३: खरे पर्याय मांडा

एक आवडती वाहिनी आणि तिच्या दोन्ही बाजूंना उभे केलेले दोन कमकुवत पर्याय, ही जुनी रीत आहे आणि आयोगाच्या ती लगेच लक्षात येते. पर्यायांच्या यादीत किमान एवढे तपासलेले असावे: जुन्याच मनोऱ्यांवर जास्त तापमान सोसणाऱ्या तारा ओढणे, हवामानानुसार वाहिनीची क्षमता तासागणिक ठरवणे, कारण वारा आणि थंडी असताना तीच तार अधिक प्रवाह वाहू शकते, प्रवाह एका वाहिनीवरून दुसरीकडे वळवणारी रोहित्रे, कोंडीच्या महाग बाजूला साठवण, आणि मागणी व्यवस्थापन. यांतले काही नव्या वाहिनीची जागा घेतील, काही तिला पाच-सात वर्षे पुढे ढकलतील. पुढे ढकलण्यालाही किंमत असते, कारण त्या काळात मागणी आणि निर्मिती कोणत्या दिशेने जाते हे दिसून येते.

लांब अंतराच्या प्रस्तावात विद्युत्दाबाची निवडसुद्धा पर्याय म्हणून मांडावी. तेवढीच वीज दुप्पट दाबाने नेली तर प्रवाह निम्मा होतो आणि त्याच तारेतील उष्णतेची हानी एक चतुर्थांशावर येते. मात्र मनोरे, वाहिनीखालच्या जमिनीच्या पट्ट्याची रुंदी आणि उपकेंद्राचा खर्च वाढतो.

## पायरी ४: खर्च पूर्ण धरा

भांडवली खर्चात तारा, मनोरे आणि उपकेंद्रे सर्वांच्या लक्षात येतात. सुटतात ती जमिनीची आणि पिकांची भरपाई, वनक्षेत्राची परवानगी, बांधकामाच्या काळातील व्याज, जोडणीसाठी शेजारच्या उपकेंद्रात करावे लागणारे फेरबदल, आणि काम चालू असताना जुनी वाहिनी बंद ठेवल्यामुळे वाढणारा निर्मितीखर्च.

मार्गाची लांबी नकाशावर पट्टी ठेवून मोजू नये. टेक्सासमधील वाऱ्याची वीज शहरांकडे आणणाऱ्या ‘क्रेझ’ योजनेचा अंदाज २००८ मध्ये सुमारे ४.९३ अब्ज डॉलर होता. २०१४ च्या सुरुवातीला ती पूर्ण झाली तेव्हा खर्च ६.९ अब्ज डॉलरच्या आसपास गेला होता, म्हणजे वाढ जवळपास ४० टक्के. मूळ अंदाजात वाहिन्या दोन बिंदूंमध्ये सरळ धरल्या होत्या, प्रत्यक्षात त्या जमीनमालकांच्या बांधांना आणि हद्दींना धरून वळत गेल्या, हे त्यामागचे एक मोठे कारण होते. ही ४० टक्क्यांची वाढ लक्षात ठेवा. पायरी ७ मध्ये ती पुन्हा लागेल.

सावध: अंदाज कोणत्या टप्प्याचा आहे ते लिहा. मार्ग निश्चित होण्यापूर्वीचा अंदाज आणि निविदा उघडल्यानंतरचा आकडा एकाच तक्त्यात शेजारी-शेजारी ठेवून दोन पर्यायांची तुलना करणे चुकीचे आहे. असे झाले की ज्या पर्यायावर कमी अभ्यास झाला, तो नेहमी स्वस्त दिसतो.

## पायरी ५: मुख्य लाभ मोजा आणि हस्तांतर बाजूला काढा

बहुतेक आर्थिक प्रस्तावांत सर्वांत मोठा लाभ निर्मितीखर्चातल्या बचतीचा असतो. तो कसा चुकतो हे पाहण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. रकमांचे चलन कोणतेही धरा.

विभाग ‘अ’ मध्ये पुढचे युनिट २ मध्ये तयार होते, विभाग ‘ब’ मध्ये ५ मध्ये. दोघांमधली वाहिनी ५०० मेगावॅटची आहे आणि वर्षातले २,००० तास ती भरलेली असते. नव्या वाहिनीने आणखी ३०० मेगावॅट नेता येतील. ३०० मेगावॅट आणि २,००० तास यांचा गुणाकार ६ लाख मेगावॅट-तास, म्हणजे ६० कोटी युनिट. प्रत्येक युनिटमागे ३ ची बचत धरली तर वर्षाला १८० कोटी. बहुतेक घाईचे अहवाल इथेच थांबतात.

पण ‘अ’ मधून ३०० मेगावॅट जास्त काढायचे तर तिथले थोडे महाग संच चालवावे लागतात, आणि ‘ब’ मधले सर्वांत महाग संच आधी बंद होतात. समजा, नव्या वाहिनीनंतर ‘अ’ मधला खर्च २.६ आणि ‘ब’ मधला ४.४ झाला. मग अंतर ३ वरून १.८ वर आले. पहिल्या मेगावॅटला ३ ची बचत होते, शेवटच्याला १.८ ची, सरासरी २.४. खरा लाभ १४४ कोटी. ३६ कोटींचा हा फरक पुढे वर्तमान मूल्यात किती मोठा होतो ते पायरी ७ मध्ये दिसेल.

आता दुसरा मोह. ‘ब’ मधले दर ५ वरून ४.४ वर आले. त्या २,००० तासांत ‘ब’ ची मागणी ४,००० मेगावॅट असेल तर ८०० कोटी युनिटांवर प्रत्येकी ०.६, म्हणजे ग्राहकांची ४८० कोटींची बचत. हा आकडा खरा आहे, पण तो समाजाचा लाभ नाही. त्याचा फार मोठा भाग ‘ब’ मधल्या निर्मात्यांच्या खिशातून ग्राहकांच्या खिशात गेलेला पैसा आहे, आणि ‘अ’ मध्ये दर वाढल्यामुळे तिथे उलटे घडलेले आहे. इंधन, यंत्रे आणि श्रम प्रत्यक्षात वाचले ते १४४ कोटींचेच. ऑस्ट्रेलियातील पारेषण गुंतवणुकीच्या नियामक कसोटीत असे हस्तांतर लाभ म्हणून धरता येत नाही. वीज निर्माण करणारे, वाहून नेणारे आणि वापरणारे या सर्वांचा एकत्रित निव्वळ लाभ पाहिला जातो. दुसरीकडे काही नियामक ग्राहकांच्या देयकावरचा परिणाम हाही निकष मानतात. तुमच्या नियामकाची कसोटी कोणतीही असो, दोन्ही आकडे वेगळ्या तक्त्यांत द्या आणि त्यांची बेरीज कधीही करू नका.

तपासा: लाभाच्या प्रत्येक ओळीपुढे विचारा, ‘हा पैसा कोणाकडून आला?’ उत्तरात दुसऱ्या कोणाचे उत्पन्न घटले असे आले तर ते हस्तांतर आहे. जळायचे इंधन जळले नाही किंवा बांधायची गोष्ट बांधावी लागली नाही असे आले तर तो लाभ आहे.

## पायरी ६: उरलेले लाभ जोडा, एकदाच

निर्मितीखर्चाच्या पलीकडे लाभ असतात आणि ते टाळणेही चूक आहे. अमेरिकेच्या संघीय ऊर्जा नियामक आयोगाने मे २०२४ मधल्या आदेश क्रमांक १९२० मध्ये दीर्घकालीन नियोजनात सात लाभ मोजणे बंधनकारक केले: टळलेली किंवा पुढे गेलेली विश्वासार्हतेची कामे, पुरवठा तुटण्याची कमी झालेली शक्यता किंवा राखीव क्षमतेत घट, निर्मितीखर्चातली बचत, पारेषण हानीतली घट, वाहिन्या बंद असतानाच्या कोंडीत घट, टोकाच्या हवामानात व अनपेक्षित प्रसंगांत मिळणारा आधार, आणि कमाल मागणीच्या वेळची हानी घटल्याने वाचलेली क्षमता. तुमच्या नियामकाने अशी यादी दिली नसेल तर तपासणीसाठी हीच हाताशी ठेवा.

यांतल्या दोन ओळी नेहमी कमी मोजल्या जातात. पहिली वाहिन्या बंद असतानाची. बहुतेक प्रतिकृतींत सर्व वाहिन्या बाराही महिने सुरू असतात. प्रत्यक्षात देखभाल, बिघाड आणि बांधकाम यांमुळे काही ना काही बंद असतेच. भारतात ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी ग्रिड कोसळले. त्या वेळी आंतरविभागीय जोडण्यांपैकी अनेक वाहिन्या बंद होत्या, आणि बीना-ग्वाल्हेर-आग्रा मार्गावरचे एक सर्किट ७६५ केव्हीच्या कामासाठी काढून ठेवलेले होते. उरलेल्या ४०० केव्हीच्या सर्किटवर भार चढला आणि ते तुटले. पहिल्या दिवशी सुमारे ३६,००० मेगावॅट आणि दुसऱ्या दिवशी सुमारे ४८,००० मेगावॅट मागणी अंधारात गेली. सर्व सर्किट सुरू आहेत असे धरणाऱ्या प्रतिकृतीत त्या मार्गावरची ताणाची स्थिती दिसलीच नसती.

दुसरी ओळ टोकाच्या हवामानाची. फेब्रुवारी २०२१ च्या हिमवादळात टेक्सासमध्ये २०,००० मेगावॅटपर्यंत भारनियमन करावे लागले, घाऊक दर प्रति मेगावॅट-तास ९,००० डॉलरच्या कमाल मर्यादेला टेकले, आणि शेजारच्या ग्रिडशी जोडणी थोडकी असल्याने बाहेरून मदतही थोडीच येऊ शकली. ‘सरासरी हवामानाचे वर्ष’ घेऊन चालवलेल्या प्रतिकृतीत असा आठवडा येतच नाही, आणि आंतरविभागीय वाहिनी आपली किंमत नेमक्या अशाच आठवड्यांत वसूल करत असते.

मात्र जोडताना दुहेरी मोजणी टाळा. अडलेली सौरवीज सुटल्याचा लाभ इंधनबचतीत आधीच आलेला असतो. इंधनखर्चात कार्बनची किंमत धरली असेल तर उत्सर्जनातल्या घटीची वेगळी ओळ घालता येत नाही. वाहिनीमुळे ‘ब’ मध्ये नवा राखीव संच बांधावा लागत नाही असे म्हणून त्याचा खर्च वाचल्याचे धरले, तर त्याच वाहिनीमुळे पुरवठा तुटण्याचे तास घटले असे पुन्हा मोजता येत नाही. संच वाचवलात की त्याने दिली असती ती सुरक्षितताही गेली.

हानीच्या ओळीत चिन्ह तपासा. समांतर वाहिनीने हानी घटते हे खरे, पण नव्या वाहिनीमुळे दूरच्या स्वस्त विजेची आयात वाढली तर एकूण हानी वाढूही शकते. अशा वेळी ही ओळ खर्चाच्या बाजूला जाते.

## पायरी ७: वर्तमान मूल्य काढा

आता उदाहरण पुढे नेऊ. भांडवली खर्च १,२०० कोटी, वार्षिक देखभाल १८ कोटी, आयुष्य ४० वर्षे, आणि भविष्यातल्या रकमा आजच्या किमतीत आणणारा वटाव दर ७ टक्के. या दराने ४० वर्षांचा गुणक, म्हणजे वार्षिक रकमेला ज्याने गुणले की वर्तमान मूल्य मिळते तो आकडा, १३.३३ येतो. वार्षिक १४४ वजा १८, म्हणजे १२६ कोटींचे वर्तमान मूल्य सुमारे १,६८० कोटी. निव्वळ लाभ ४८० कोटी. पायरी ५ मधला चुकीचा १८० कोटींचा आकडा वापरला असता तर निव्वळ लाभ ९६० कोटी आला असता. वार्षिक लाभात पाव भागाची वाढ आणि निव्वळ लाभ मात्र दुप्पट: एवढ्यासाठीच ती सरासरी महत्त्वाची होती.

वटाव दर १० टक्के धरला तर गुणक ९.७८ होतो आणि निव्वळ लाभ ३२ कोटींवर येतो. खर्च ४० टक्क्यांनी वाढून १,६८० कोटी झाला तर लाभ शून्यावर येतो, आणि पायरी ४ मध्ये पाहिल्याप्रमाणे तेवढी वाढ अशक्य कोटीतली नाही. भांडवल खर्च होऊन बसले आणि शेवटच्या दोन मनोऱ्यांच्या जागेचा वाद मिटायला तीन वर्षे गेली, तर ढोबळमानाने लाभाचे मूल्य १,३७० कोटींवर घसरते आणि निव्वळ लाभ १७० कोटींच्या आसपास उरतो.

इथे तीन गोष्टी काटेकोर हव्यात. महागाई धरलेले आकडे आणि महागाई वगळलेला वटाव दर एकत्र वापरू नका. पर्यायांची तुलना समान कालावधीवर करा. आणि कालावधी संपल्यानंतर वाहिनीला किती शिल्लक मूल्य दिले ते ठळक लिहा. एन्त्सो-ईच्या पद्धतीत २५ वर्षे, ४ टक्के खरा (महागाई वगळलेला) वटाव दर आणि शून्य शिल्लक मूल्य असे धरतात. वेगळे धरायचे असेल तर धरा, पण पहिल्या पानावर सांगून.

सावध: लाभ भागिले खर्च या गुणोत्तरावर एकट्याने विसंबू नका. देखभाल खर्चाच्या बाजूला ठेवली तर वरच्या उदाहरणात १,९२० भागिले १,४४० म्हणजे १.३३ येते; लाभातून वजा केली तर १,६८० भागिले १,२०० म्हणजे १.४०. प्रकल्प तोच, निव्वळ लाभ तोच ४८०. अमेरिकेत २०११ च्या आदेश क्रमांक १००० नुसार किमान गुणोत्तराची अट घालायची तर ती साधारणपणे १.२५ हून वर नेता येत नाही. अशी अट असेल तिथे गुणोत्तर काढण्याची रीत आधी निश्चित करून घ्या. अट ओलांडणाऱ्या पर्यायांतून निवड मात्र निव्वळ लाभावर करा.

## पायरी ८: भवितव्याची वेगवेगळी चित्रे तपासा

मागणी, इंधनाचे दर आणि निर्मितीची जागा यांची किमान तीन सुसंगत चित्रे घ्या. सुसंगत म्हणजे विद्युत वाहने झपाट्याने वाढली असे धरणाऱ्या चित्रात कमाल मागणीचा तासही सरकला पाहिजे. नुसता मागणीचा आकडा टक्क्यांनी वर-खाली करणे म्हणजे नवे चित्र नव्हे.

सर्व चित्रांची सरासरी काढून एकच आकडा देणे मला धोक्याचे वाटते. दोन चित्रांत मोठा लाभ आणि एकात मोठा तोटा असलेली वाहिनी, आणि तिन्हींत मध्यम लाभ देणारी वाहिनी, सरासरीत सारख्याच दिसू शकतात. प्रत्येक चित्रात सर्वोत्तम पर्याय कोणता, आणि आपला निवडलेला पर्याय त्याहून किती मागे पडतो, असा तक्ता द्या. मग प्रत्येक मोठ्या गृहीतकासाठी उलटे गणित करा: लाभ शून्य व्हायला ते किती बदलावे लागेल? ‘कोंडी २,००० तासांऐवजी १,५०० तासांखाली गेली तर प्रकल्प तोट्यात जातो’ अशा वाक्यावर आयोगाला खरोखर विचार करता येतो. मात्र कोंडीचे तास घटतात तेव्हा त्या तासांतला दरांचा फरकही बहुधा घटतो, म्हणून हा आकडा प्रतिकृती पुन्हा चालवून काढावा.

मनोरे दुहेरी सर्किटचे उभारून आज एकच सर्किट ओढणे, असा टप्प्याटप्प्याचा मार्ग खुला असेल तर तो याच पायरीवर पारखायचा.

## पायरी ९: कोणाला किती लाभ, कोणाला किती भार

एकूण लाभ धन आला तरी तो सर्वांना सारखा मिळत नाही. आपल्या उदाहरणात ‘अ’ मधले ग्राहक २ ऐवजी २.६ देतात, त्यांच्याकडून वाहिनीचा निम्मा खर्चही वसूल केला तर त्यांची हरकत रास्तच ठरते. अमेरिकेत २००९ मध्ये एका अपील न्यायालयाने पूर्वेकडील उच्चदाब वाहिन्यांचा खर्च मध्यपश्चिमेतील वीज कंपन्यांवर सरसकट टाकण्याचा निर्णय परत पाठवला, कारण त्या कंपन्यांना मिळणारा लाभ भाराच्या साधारण प्रमाणात आहे हे आकड्यांनी दाखवलेलेच नव्हते. पैशांपर्यंत नेमका हिशेब न्यायालयाने मागितला नव्हता, पण काहीतरी आधार मागितला होता. म्हणून विभागनिहाय लाभ आणि विभागनिहाय भार यांचा तक्ता अहवालातच द्या. इथे, आणि फक्त इथे, पायरी ५ मध्ये बाजूला काढलेली हस्तांतरे परत आणायची असतात.

## पायरी १०: हरकती, निर्णय आणि त्यानंतर

हरकती दोनदा मागवा: एकदा गरज व पर्याय ठरताना, आणि पुन्हा मसुदा निष्कर्षावर. ऑस्ट्रेलियाच्या कसोटीतही गरज व पर्यायांचा अहवाल, मसुदा अहवाल आणि अंतिम निष्कर्ष असे टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यावर आलेली ‘इथे बॅटरी का नाही’ ही सूचना अभ्यासात घेता येते. शेवटी आली तर तिला केवळ उत्तर देता येते. गृहीतके, ताशी आकडे आणि जाळ्याची फाइल हरकतदारांना वापरता येईल अशा रूपात द्या. छापील तक्त्यांवरून कोणालाही गणित पुन्हा करून पाहता येत नाही.

मंजुरीच्या आदेशात फेरतपासणीच्या अटी आकड्यांत असाव्यात: खर्च किती टक्क्यांनी वाढला, मागणी कितीने घटली किंवा कोणता निर्मिती प्रकल्प रद्द झाला, तर आढावा पुन्हा उघडायचा. तोवर झालेला खर्च परत येणारा नसतो, म्हणून फेरतपासणीत तो वगळून उरलेला खर्च आणि उरलेला लाभ एवढेच तोलायचे.

वाहिनी सुरू झाल्यावर दर दोन-तीन वर्षांनी प्रत्यक्ष प्रवाह, कोंडीचे तास आणि बंद राहण्याचे तास मूळ अंदाजाशी ताडून पाहावेत. अमेरिकेच्या मध्यभागातील ग्रिड चालक मिसो याने २०११ मध्ये मंजूर केलेल्या १७ वाहिन्यांच्या संचाचा असा लाभ-खर्च आढावा नंतरच्या वर्षांत पुन्हा घेतला होता. त्यासाठी पायरी २ मधली गोठवलेली फाइल लागते, म्हणून ती, ज्या सॉफ्टवेअरच्या ज्या आवृत्तीत चालवली त्याच्या नोंदीसह, आदेशाच्या प्रतीबरोबरच आयोगाच्या दप्तरी जमा करावी.